कोंबड्याची मान, सुरवंट आणि फकिराचं पीस

ट्राउट मासा पकडायला गळावर पिसं आणि दोरे गुंडाळून कृत्रिम माशी बांधतात. त्या सामानाची नावं इंग्रजी-फ्रेंच असली, तरी पहिलंच सामान खान्देशातल्या कुठल्याही खळ्यात दाणे टिपताना दिसेल. गावठी कोंबड्याच्या मानेवरचं लांब, टोकदार पीस म्हणजे हॅकल. मानेचं अख्खं कातडं पिसांसकट सुकवलं की ते 'केप', म्हणजे खांद्यावरून पांघरायचं वस्त्र. पाठीवरचं ते 'सॅडल', म्हणजे खोगीर. कोंबडीच्या पिसाचे तंतू मऊ असतात, पाणी पितात, माशी बुडते. तरंगणारी माशी हवी तर कोंबड्याचंच ताठ पीस घ्यावं. तंतू गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडीमधल्या अंतराच्या, दीडपट लांब असावेत. पिसाच्या बुडाचा कापसासारखा मऊ भाग ओरबाडून 4-5 वेढे द्यावेत आणि नेढ्याजवळ 1-2 मिमी जागा सोडावी. नाहीतर नेढं बुजतं आणि दोर ओवताच येत नाही.

'जंगल कॉक' म्हणजे आपला राखी रानकोंबडा, सातपुड्यातलाही. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात. 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे ही पिसं गोळा करायच्या भानगडीत पडू नये.

शेनिल हा फ्रेंच शब्द. अर्थ सुरवंट. बोंडअळीने पिडलेल्या कापूसवाल्याला हे नाव आवडणार नाही, पण चपखल आहे. दोन दोऱ्यांच्या पिळात आखूड तंतू अडकवले की केसाळ सुरवंट तयार! बांधण्याआधी टोकाचे 3-4 मिमी तंतू नखाने ओढून काढायचे आणि उघडा पडलेला दोराच गळाला बांधायचा. केसांसकट बांधलं तर तिथे गाठोडं होतं.

'क्यू द कॅनार' म्हणजे सरळसरळ बदकाचं ढुंगण. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीभोवतीची ही पिसं बारीक तंतूंत हवा धरून तरंगतात. माशी तरंगावी म्हणून लावतात ते जेल त्यांना चोपडलं की तंतू चिकटतात आणि माशी तळाला जाते.

मॅराबूचं मूळ अरबी 'मुराबित', म्हणजे फकीर. फ्रेंचांनी ते नाव आफ्रिकेतल्या टकल्या करकोच्याला दिलं, आणि करकोच्याकडून ते त्याच्या मऊ पिसांना चिकटलं. आता पाकिटात टर्कीची पिसं असतात, नाव मात्र फकिराचंच. कोरडं मॅराबू फुगीर दिसतं, भिजलं की दोऱ्याएवढं होतं. म्हणून चिमूट आधी ओली करावी, मगच मापावी.