दाहक आतडेविकाराची तीव्रता आणि रक्तातील दर्शके

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज या आतड्यांच्या दोन दीर्घकालीन विकारांत (एकत्रित नाव आयबीडी) दाह किती भडकला आहे याचा अंदाज देणारे रक्तातील घटक. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी), ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग), अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन), हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी यांची तपासणी नेहमी होते. यांपैकी एकही दर्शक खास आतड्याचे नाही. न्यूमोनिया झाला तरी सीआरपी वाढते.

किंबहुना सीआरपीचा शोध न्यूमोनियातच लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांनी १९३० साली रुग्णांच्या रक्तद्रवात न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ घटकाशी संयोग पावणारा पदार्थ नोंदवला. हे प्रथिन यकृतात बनते, मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या रासायनिक संदेशामुळे. रक्तातील त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तास असल्याने दाह ओसरला की आकडा लवकर उतरतो. ईएसआर मात्र रेंगाळतो. शिवाय वय आणि ॲनिमिया यांमुळेही तो वाढतो, त्यामुळे एकट्या ईएसआरवर फार विसंबू नये.

क्रोन्समध्ये आतड्याच्या भिंतीचे सगळे थर सुजू शकतात आणि सीआरपी बहुधा ठळकपणे चढते. कोलायटिसमध्ये दाह प्रामुख्याने आतल्या अस्तरापुरता असतो. गुदाशयापुरता आजार असेल तर रक्त पडत असूनही सीआरपी नॉर्मल येऊ शकते. क्रोन्सच्याही काही रुग्णांत ती वाढतच नाही. अशा रुग्णाचा ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून औषध कमी करणे धोक्याचे. पूर्वी आजार उसळला तेव्हा याच रुग्णाची सीआरपी किती होती, हे पाहिल्यावरच आजच्या आकड्याला अर्थ येतो.

या दर्शकांचा खरा कस लागतो तो तीव्र कोलायटिसमध्ये. ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांच्या १९५५ च्या निकषांचे आजचे रूप असे: दिवसाला रक्तमिश्रित ६ किंवा अधिक जुलाब आणि जोडीला ताप, ९० च्या वर नाडी, १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन किंवा ३० च्या वर ईएसआर यांपैकी एक तरी लक्षण असेल तर रुग्णाला दाखल करतात. पुढे १९९६ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी शिरेतून स्टेरॉइड सुरू केल्यानंतरचा तिसरा दिवस निर्णायक ठरवला. त्या दिवशी ८ पेक्षा जास्त जुलाब, किंवा ३ ते ८ जुलाब आणि सीआरपी ४५ च्या वर असेल, तर त्याच मुक्कामात मोठे आतडे काढावे लागण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के असे त्यांना आढळले. इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे आल्यावर हे प्रमाण घटले, पण तिसऱ्या दिवशी थांबून पुढचा विचार करण्याची शिस्त टिकली. इथला ४५ हा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमधला आहे. काही लॅब प्रति डेसिलिटर लिहितात. तिथे तोच आकडा ४.५ दिसतो आणि घाईत वाचणारा निर्धास्त होतो.

अल्ब्युमिन उतरलेले असणे हेही गंभीर लक्षण. फेरिटिन (शरीरातील लोहसाठा दाखवणारे प्रथिन) वाचताना मात्र सावधपणा हवा, कारण दाहात ते आपोआप वाढते. एरवी ३० च्या खाली गेले तर लोहाची कमतरता मानतात. आजार सक्रिय असताना १०० पर्यंतचे फेरिटिनही कमतरता दाखवू शकते.

आतड्यातलीच खबर हवी असेल तर शौचातील कॅल्प्रोटेक्टिन रक्तापेक्षा जवळचे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतले हे प्रथिन थेट मळात उतरते. क्रोन्सच्या रुग्णांवरील ‘काम’ (CALM) नावाच्या चाचणीत (२०१७) लक्षणांबरोबर सीआरपी आणि कॅल्प्रोटेक्टिन पाहून औषध वाढवलेल्या गटात ४८ आठवड्यांनी ४६ टक्के जणांचे अस्तर भरून आले होते. प्रामुख्याने लक्षणांवर चाललेल्या गटात ३० टक्के.

प्रतिपिंडांचा उपयोग तीव्रता मोजण्यापेक्षा निदानाला अधिक. कोलायटिसमध्ये पी-अँका हे न्यूट्रोफिलविरोधी प्रतिपिंड, तर क्रोन्समध्ये अस्का हे यीस्टविरोधी प्रतिपिंड अधिक आढळते. भारतात मात्र अस्काचा फारसा आधार मिळत नाही, कारण आतड्याच्या टीबीतही ती पॉझिटिव्ह येते आणि इथे खरा पेच क्रोन्स की टीबी हाच असतो. सीआरपी आणि ईएसआर दोन्हींत वाढतात. त्यामुळे निदान कोलोनोस्कोपी, बायोप्सी आणि स्कॅन यांवर ठरते. तरीही उलगडा न झाल्यास आधी टीबीची औषधे देऊन काही महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात.