जातीचा दाखला 'आपले सरकार'वर काढताय? आधी तारीख बघा

राज्य सरकारच्या या पोर्टलवर नोंदणी करा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाका, महसूल विभागातून जातीचा दाखला निवडा, फॉर्म भरा, शुल्क भरा. इथपर्यंत कोणी अडत नाही. अर्ज अडतो तो पुराव्यावर.

इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. हे झाले मानीव दिनांक. त्या दिवशी वा त्याआधी तुमचं घराणं कुठे राहत होतं आणि जात काय होती, हे दाखवायचं असतं. लोक जोडतात वडिलांचं आधार कार्ड आणि यंदाचं लाइट बिल! पोर्टल तेही मुकाट घेतं. अर्ज परत येतो तो प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयातून.

आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल, तर त्यांच्या शाळेत जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीचा, उतारा मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. जुनी पानं मोडी लिपीत असतात. लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या. कुणबी नोंद हवी असेल, तर आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर पाहा. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली नेमलेल्या न्या. शिंदे समितीच्या कामात सापडलेल्या नोंदी तिथे स्कॅन करून ठेवल्या आहेत. तिथे सापडली, तर खेटे वाचतील.

नुसता कागद सापडून भागत नाही, साखळी जुळावी लागते. कोतवाल बुकात 'रामा', वडिलांच्या दाखल्यावर 'रामचंद्र', म्हणजे त्रुटी निघालीच. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं स्पष्ट लिहा.

लग्न झालेल्या बाईची जात माहेरची धरतात. त्यामुळे पुरावे वडिलांच्या बाजूचे लागतात. सासरचे कागद कितीही जोडले तरी उपयोग नाही. तिच्या नावबदलासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लावा. नोकरीसाठी शहरात आलेल्यांनीही पूर्वज मानीव दिनांकाला ज्या तालुक्यात होते, तिथले पुरावे धरून चालावं.

आता अपलोड. कागदपत्राची फाइल ७५ ते ५०० केबीमध्ये बसवावी लागते. मोबाइलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा, मग तो इतका दाबतात की जातीचा रकाना आणि तारीख वाचताच येत नाही. सगळं पान नीट दिसेल असं, काळं-पांढरं स्कॅन करा. आकार आपोआप उतरतो.

पैसे भरल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही, हे विसरू नका. पावतीवरचा अर्ज क्रमांक जपून ठेवा आणि आठवड्यातून एकदा स्थिती बघा, त्रुटीचा एसएमएस येईलच असं धरू नका. ठरलेली मुदत उलटली किंवा दाखला नाकारला, तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. नाकारल्याचं कारण लेखी मागा. 'साहेब नाही म्हणाले' यावर अपील होत नाही.