जीपीएसला नेट लागत नाही

"पेंचच्या जंगलात रेंज नसते, मॅप चालणार नाही," हे वाक्य नागपुरात नेहमी कानावर पडतं. रेंजचं खरं असेलही, मॅपचं मात्र चूक. करून बघा. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, चालणाऱ्या एखाद्या ऑफलाइन अ‍ॅपमध्ये घरच्या वायफायवर विदर्भाचा नकाशा उतरवून घ्या. मग झिरो माइलपाशी, मोकळ्या आभाळाखाली, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि लोकेशन तेवढं चालू ठेवा. जरा वेळ लागेल, पण निळा ठिपका उमटतो. बर्डीकडे चालू लागलात की तोही सरकतो.

कारण जीपीएसची चिप फक्त ऐकते. आकाशवाणी नागपूर लावली म्हणून केंद्राला आपला पत्ता कळत नाही, तसंच हे. सुमारे २०,२०० किलोमीटरवरचे उपग्रह सारखे सांगत असतात: मी अमुक जागी आहे, माझ्या अणुघड्याळात इतके वाजलेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी सेकंदाचा पंधरावा भाग जातोच. त्या उशिरावरून अंतर निघतं. तीन अंतरांत जागा ठरायला हवी, पण फोनमधलं घड्याळ पडलं साधं क्वार्ट्झचं. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह. अज्ञात राशी चार: अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळातली चूक. समीकरणंही चार. घड्याळ सुधारायच्या फंदात न पडता त्याची चूकच गणितात 'क्ष' धरायची! मला तर ही युक्ती अणुघड्याळाहूनही देखणी वाटते. नेटचं काम इतकंच की उपग्रहाच्या कक्षेची माहिती, जी आकाशातून सेकंदाला ५० बिट अशा गोगलगायीच्या चालीने येते, ती आधीच हाती पडते आणि ठिपका लवकर दिसतो.

२०१६ मध्ये २००० च्या नोटेत जीपीएस चिप असल्याची अफवा शिकल्यासवरल्यांनीही फॉरवर्ड केली. नोटेत ना बॅटरी, ना ट्रान्समीटर; आणि उपग्रह तिचं ऐकायला बसलेलाही नाही.

ठिकाण बाहेर जातं ते अ‍ॅपमुळे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, चक्क एका टॉर्चच्या अ‍ॅपवर कारवाई केली. ते लोकांना न सांगता त्यांचं ठिकाण जाहिरात कंपन्यांना पुरवत होतं. रहदारी दाखवायला नेट हवं, मान्य. पण टॉर्च, होकायंत्र, खर्चाची वही नेटशिवाय उघडतच नसेल, तर ती तंत्रज्ञानाची अडचण नव्हे, बनवणाऱ्याची मर्जी आहे. फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी घेतलेल्या अ‍ॅपची यादी असते. नकाशाला 'वापरताना फक्त' एवढी परवानगी पुरते. टॉर्चला तीही नको.