कलरॉस

कलरॉस : (स्थानिक उच्चार ‘कूरस’). स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील, फोर्थ नदीमुखाच्या उत्तर तीरावरचे लहानसे ऐतिहासिक नगर. १८९१ पर्यंत ते पर्थशर परगण्याच्या एका तुटक तुकड्यात मोडत असे.

नगराचा उगम वादग्रस्त आहे. परंपरेनुसार सहाव्या शतकात येथे संत सर्फ याचे धर्मकेंद्र होते; होडीत घालून समुद्रात सोडून दिलेली राजकन्या तेन्यू याच किनाऱ्याला लागली आणि तिच्या पोटी जन्मलेल्या केंटिगर्नला (ग्लासगोचा संत मंगो) सर्फने वाढविले. ही कथा फर्नेसचा मठवासी जॉसलिन याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या चरित्रात येते, म्हणजे घटनेनंतर सु. सहा शतकांनी. शिवाय सर्फचा संबंध इतरत्र आयोना मठाचा अधिपती अ‍ॅडोम्नान (मृ. ७०४) याच्याशी जोडला जातो, तर केंटिगर्न ६१२ च्या सुमारास निवर्तला असावा. या काळांचा मेळ घालण्यासाठी काहींनी दोन सर्फ कल्पिले. त्यापेक्षा दोन स्वतंत्र संतकथा पुढे एकत्र गुंफल्या गेल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही १५०३ मध्ये ग्लासगोचा आर्चबिशप ब्लॅकॅडर याने कथित जन्मस्थळी प्रार्थनामंदिर बांधले.

१२१७ मध्ये फाइफचा अर्ल मॅल्कम याने सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ स्थापिला. धर्मसुधारणेनंतर त्याच्या चर्चचा पूर्वभाग १६३३ मध्ये गावचे चर्च झाला.

मठाच्या कोळसाखाणी १५७५ मध्ये व्यापारी सर जॉर्ज ब्रूस याने खंडाने घेतल्या व समुद्रतळाखाली नेल्या. भरतीरेषेच्या आत दगडी कठडा बांधून त्यातून खाणीत उतरणारा दुसरा कूप (उभा बोगदा) खणला होता; कोळसा तेथूनच गलबतांत भरत. झिरपणारे पाणी किनाऱ्याजवळच्या विहिरीत जमवून तीन घोड्यांच्या रहाटगाडग्याने उपसत. १६१८ मध्ये खाण पाहणाऱ्या जॉन टेलर या इंग्रज कवीने साखळीला ३६ पोहरे मोजले आहेत : १८ खाली जाणारे, १८ वर येणारे. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स १६१७ मध्ये या कूपातून वर आला आणि चहूकडे पाणी पाहून ‘दगा!’ म्हणून ओरडला, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. १६२५ च्या वादळात खाण बुडाली.

हलक्या प्रतीचा कोळसा खाऱ्या पाण्याच्या कढया तापवून मीठ काढण्यासाठी वापरीत. ओटच्या भाकरीसाठी लागणारे घडीव लोखंडी तवे हा येथला दुसरा धंदा; १५९९ मध्ये त्याला राजाज्ञेने मक्तेदारी मिळाली. कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यातील ओतीव तव्यांपुढे तो अठराव्या शतकात मागे पडला.

ब्रूसचा वाडा (१५९७–१६११) ‘राजवाडा’ म्हणविला जातो, पण तो व्यापाऱ्याचेच घर होय. १९३२ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने तो ७०० पौंडांस विकत घेतला.