बाहेरचे तापमान आणि हीट पंप : पार्श्वभूमी

धुळ्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा कित्येकदा 10 अंशांखाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी 28 अंशांच्या पुढे गेलेला असतो. आंघोळीच्या पाण्यासाठी बंबाऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारे विजेचे यंत्र, बसवणाऱ्याचे वीजबिल या फरकावर बरेच अवलंबून असते.

यामागचे तत्त्व दोनशे वर्षांचे आहे. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा दोन टोकांच्या तापमानांवरून ठरते, हे फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी 1824 मध्ये मांडले, तर असे यंत्र उलटे चालवून इमारती उबदार किंवा गार ठेवता येतील, ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी 1852 मध्ये पुढे आणली. 1938 मध्ये झुरिकच्या नगरभवनात बसलेल्या हीट पंपाने लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेतली. थंडीत नदी हवेइतकी गारठत नाही, म्हणून ती निवड मला फार शहाणपणाची वाटते.

थंड देशांत भिंतीबाहेरच्या सेन्सरवरून घर तापवणाऱ्या पाण्याचे तापमान कमी-जास्त करण्याची पद्धत बॉयलरसाठीही वापरली जाते. हीट पंपात मात्र तिचे मोल अधिक, कारण पाणी जितके कमी तापवावे लागेल तितके कॉम्प्रेसरचे, म्हणजे यंत्रातला वायू दाबणाऱ्या भागाचे, कष्ट हलके होतात. 1973 च्या तेलसंकटानंतर हीट पंपांकडे नव्याने लक्ष गेले आणि 1980 च्या दशकात घरगुती यंत्रांत इन्व्हर्टर (बॅटरीचा नव्हे, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा भाग) आल्यावर कॉम्प्रेसरचा वेग हवामानानुसार बदलणे शक्य झाले.

एसी हाही खोलीतली उष्णता बाहेर टाकणारा हीट पंपच. आपल्याकडे एसीची तारांकने 2018 पासून बाहेरच्या 24 ते 43 अंशांच्या हवेचा हिशेब धरून ठरतात. जळगाव-भुसावळचा मे महिना या पट्टीच्याही पलीकडे जातो, ही खानदेशासाठी गंभीर बाब आहे.

पाणी 55 अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर कार्नोच्या सूत्राने बाहेर 10 अंश असताना एका युनिट विजेमागे जास्तीत जास्त 7.3 युनिट उष्णता मिळू शकते आणि 30 अंशांना 13.1. प्रत्यक्ष यंत्रे याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोचतात, पण दुपारी चालवण्याचा फायदा खराच असतो. त्यासाठी पहाटेपर्यंत पाणी गरम राहील अशी, नीट आवरण घातलेली टाकी हवी.

एका वसतिगृहात मी बाहेरचा सेन्सर पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याच्या अगदी खाली ठोकलेला पाहिला. उन्हाने तापलेल्या पत्र्यालाच तो हवा समजत होता. उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत आणि यंत्राच्या पंख्यापासून दूर बसवल्यावरच त्याचे आकडे भरवशाचे झाले.