गर्दी नुसती बघत राहते? एक खुलासा

सांगलीच्या एसटी स्टँडवर कुणी चक्कर येऊन पडलं की हे वाक्य हमखास कानावर येतं: "गर्दीत कुणी कुणाचं नसतं." जोडीला न्यूयॉर्कचा दाखला असतो. १९६४ साली किटी जेनोविझ या तरुणीचा खून म्हणे ३८ जणांनी पाहिला आणि एकही मदतीला आला नाही.

असं घडलेलं नाही. बातमी छापणाऱ्या 'न्यूयॉर्क टाइम्स'नेच २०१६ मध्ये ती सदोष असल्याचं मान्य केलं. संपूर्ण हल्ला कुणीच पाहिला नव्हता. एकानं खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं, पण तो परत आला. सोफिया फरार ही शेजारीण धावत खाली गेली आणि मरणाऱ्या किटीला कवेत घेऊन बसली. इतक्या धीराच्या बाईचं नाव दाखल्यातून गळावं, याचं फार वाईट वाटतं.

२०१९ च्या एका अभ्यासात अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधल्या रस्त्यांवरची २१९ भांडणं सीसीटीव्हीत तपासली. दहापैकी नऊ वेळा कुणीतरी मध्ये पडलंच. माणसं जास्त तशी ती शक्यताही जास्त.

मात्र एकटा माणूस गर्दीत कचरतो, हे खरं. स्टँडवर पाहा, आधी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग एखादी मावशी पिशवीतली पाण्याची बाटली काढते, लगेच कुणी वहीनं वारा घालतं, कुणी बाकडं रिकामं करतं. म्हणून मोघम ओरडू नका. "ओ निळा शर्टवाले दादा, १०८ ला फोन लावा," असं एकाला नेमकं सांगा.