भिंत टिकली, डोंगर आला

'धरण फुटलं नाही ना, मग काळजी कसली?' डोंगरातल्या जलविद्युत प्रकल्पांचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. इटलीतलं वायोंत धरणही फुटलं नव्हतं. त्याची २६१.६ मीटर उंचीची भिंत आजही उभी आहे. पण ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री मोंते तोक डोंगराचा सुमारे २७ कोटी घनमीटर भाग जलाशयात कोसळला. उसळलेलं पाणी भिंतीवरून पलीकडे गेलं, लोंगारोने गाव वाहून गेलं आणि सुमारे दोन हजार माणसं मेली.

डोंगर म्हणजे एकसंध दगड नव्हे. माती, मुरूम आणि भेगाळलेल्या खडकाचे थर घर्षणाच्या जोरावर उतारावर टिकून असतात. वरचा थर खालच्याला जितका दाबेल, तितकं घर्षण जास्त. जलाशय भरला की पाणी काठाच्या उतारात मुरतं आणि कणांमधल्या पोकळ्या भरून टाकतं. हे कोंडलेलं पाणी वरच्या ओझ्याचा काही भाग स्वतःच पेलतं. त्यामुळे कण एकमेकांवर पूर्वीसारखे घट्ट दाबले जात नाहीत आणि घर्षण घटतं.

जलाशय रिकामा करतानाही धोका असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विजेसाठी पाणी सोडलं की पातळी झरझर उतरते, पण चिकणमातीतलं पाणी तितक्या लवकर निचरत नाही. आतला दाब तसाच राहतो आणि बाहेरून उताराला रेटून धरणारं पाणी मात्र निघून गेलेलं असतं. वायोंतलाही त्या दिवसांत पातळी खाली आणणं चालू होतं.

उत्तराखंडातल्या टिहरी जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ७४० ते ८३० मीटरच्या दरम्यान खालीवर होते. पायथा सरकला की वरच्या उताराचा आधार जातो, म्हणून पाण्याच्या बऱ्याच वर असलेल्या घरांनाही तडे जातात. पुनर्वसनाची रेषा मात्र ८३५ मीटरवर आखलेली होती. तिच्या वरचं घर बुडणार नव्हतं, म्हणजे ते विस्थापितही नव्हतं.

जून २०१३ मध्ये उत्तराखंडातल्याच श्रीनगरजवळच्या, अलकनंदेवरच्या जलविद्युत प्रकल्पासाठी धारी देवीची मूर्ती हलवली आणि लगेच केदारनाथचा प्रलय आला. देवी कोपली, असं अजूनही सांगतात. प्रत्यक्षात अतिवृष्टी झाली होती आणि केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला होता. कोपाच्या या कथेचा मला राग येतो. प्रकल्पांनी नदीकाठी ओतलेल्या राडारोड्याचा जाब विचारायचा तिच्यामुळे राहून जातो.

खरं तर उतारात भोकं पाडून आतल्या पाण्याचा दाब मोजता येतो आणि त्यावरून पातळी दिवसाला किती उतरवायची हे ठरवता येतं. हे आकडे काठावरच्या गावांना रोज कळायला हवेत.